नवमीची कुमारिका

"हे कुलूप कुणासाठी?" वन्संनी विचारले.

त्या नुकत्याच कुरुंदवाडहून आल्या होत्या. पायांवर पाणी घेऊन, देवघरात डोके टेकवून, नेहमीच्या सवयीने स्वयंपाकघराकडे वळल्या आणि दाराशी थबकल्या. कडीला पितळी कुलूप होते आणि त्याची किल्ली माझ्या कमरेला होती.

"हल्ली येणारं-जाणारं फार असतं ना, आत्याबाई," माझी सून शैलजा सांगू लागली. मी तिच्याकडे पाहिले तशी ती गप्प झाली.

"ऋजूसाठी आहे," मी म्हणाले.

वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण, गोदावरी. आई लवकर गेल्यामुळे यजमानांना त्यांनीच वाढवले. मी यळगूडकरांच्या घरात सून म्हणून आले तेव्हा सासूच्या जागी त्याच होत्या. घटाला माती कुठल्या शेतातली आणायची इथपासून पाहुण्यासमोर कसे उभे राहायचे इथपर्यंत सारे मी त्यांच्याकडून शिकले. पुढे यजमान गेले, इचलकरंजीतला आमचा सुताला खळ देण्याचा, सायझिंगचा कारखाना मी हाती घेतला, सुताचे भाव पुरुषांच्या बैठकीत बसून ठरवले आणि माझा शब्द कुणी खाली पडू दिला नाही. तरीही वन्संसमोर मी पदर सावरूनच उभी राहत असे. त्यात मला कधी कमीपणा वाटला नाही.

"लेकरासाठी कुलूप," वन्सं हळू आवाजात म्हणाल्या. "सरोजिनी, या घरातून परका माणूस उपाशी गेलेला मी पाहिला नाही. आणि घरची नात?"

"तुम्ही आधी बसा. सांगते."

तेवढ्यात जिन्यावर पावले वाजली. ऋजुता कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होती. बारा वर्षांची पोर, पण दोन पायऱ्यांमागे एकदा थांबून श्वास घेत होती. चेहरा गोल सुजल्यासारखा, मनगटात बांगडी चढत नव्हती. डोळे तेवढे पूर्वीचे होते.

"आत्याआजी, नमस्कार. वाकता येत नाही म्हणून मनातल्या मनात करते. कुलूप बघितलंत? आमच्या घरात चोर आहे. दिवसाढवळ्या फिरतो, वर्गात पहिला येतो, आणि आजीला घाबरत नाही."

"कशाला घाबरशील? ये इकडे," वन्संनी तिला जवळ ओढले. "काय खाल्लंस सकाळपासून?"

"आईची बोलणी. ती मोजून मिळत नाहीत." मग तिची नजर वन्संच्या पायाशी ठेवलेल्या पिशवीवर गेली आणि तिथून हलेना. "वाडीचे पेढे आणलेत ना? वर माझ्या खोलीत वास आला."

पिशवी बंद होती. डबाही बंद होता. मी पिशवी उचलून आत नेली आणि बाहेर येऊन पुन्हा कुलूप लावले. ऋजू माझ्या हाताकडे पाहत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. उन्हात रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जे असते ते होते.

त्या दुपारी मी वन्संना सारे सांगितले. आधीची हकिकत त्यांना ठाऊक होती. ऋजूला डोकेदुखी लागली, फळा दिसेनासा झाला, मिरजेच्या डॉक्टरांनी मेंदूच्या तळाशी गाठ असल्याचे सांगितले आणि शस्त्रक्रिया करून ती काढली. दृष्टी वाचली. आम्ही नृसिंहवाडीला अभिषेक केला. त्यानंतरचे मात्र आम्ही नातलगांपासून झाकून ठेवले होते. शस्त्रक्रियेनंतर महिन्याच्या आत ही मुलगी कच्ची कणीक खाताना सापडली. मग नैवेद्याचे ताट, शेजारच्या कुत्र्याची भाकरी, गुळाची ढेप गोणपाटासकट. शैलजाने मारले, मग स्वतःच रडली. रघुवीरने, माझ्या मुलाने, नवस बोलण्याऐवजी तिला बक्षिसे कबूल केली. मी तिला समोर बसवून जिभेवर ताबा कसा ठेवायचा ते ऐकवले. तिने शहाण्या मुलीसारखे सगळे ऐकून घेतले आणि शेवटी विचारले, "आजी, झालं असेल तर काही खाऊ का?"

मग मी स्वतः मिरजेला डॉक्टर बेलवलकरांसमोर जाऊन बसले.

"माई, पंगतीत तुमच्या पानात कुणी आग्रहानं वाढायला आलं तर 'पुरे' कोण म्हणतं?" त्यांनी विचारले.

"मीच म्हणते."

"तुम्ही नाही म्हणत. मेंदूच्या तळाशी बदामाएवढा भाग आहे, हायपोथॅलॅमस, तो म्हणतो. पोट रिकामं झालं की जठरातून एक संप्रेरक रक्तात उतरतं आणि त्याला कळवतं, भूक लागली. जेवण झालं की आतड्यांतून दुसरी निघतात, ती कळवतात, आता थांबा. अंगावरची चरबीसुद्धा गप्प नसते. तीही एक संप्रेरक सोडते, लेप्टिन म्हणतात त्याला. साठा पुष्कळ आहे, काळजी नको, असा तिचा निरोप असतो. ऋजुताच्या अंगात हे सगळे निरोप निघतात, रक्तातून पोचतातही. पण ते घ्यायला तिथं आता कुणी नाही. गाठ नेमकी त्याच भागाला चिकटलेली होती."

"म्हणजे होतं काय?"

"तिच्या मेंदूला वाटतं, ही मुलगी दुष्काळात सापडली आहे. कितीही खाल्लं तरी तसंच वाटतं. म्हणून तो भूक वाढवत राहतो आणि खाल्लेलं अंगात धरून ठेवतो, खर्च होऊ देत नाही."

"यावर औषध?"

"बाकी संप्रेरकांच्या गोळ्या देतोच आहोत. या भुकेवर नाही."

"मोठी झाल्यावर?"

"नाही."

"मग त्या पोरीनं करायचं काय?"

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "उपाशी राहायचं. पोट भरलेलं असतानाही. आणि तुम्ही पहारा करायचा. वजन असंच वाढत गेलं तर छाती आणि श्वास फार वर्षं साथ देणार नाहीत."

गोड बोलून वेळ मारून नेली नाही, एवढ्यासाठी मी त्या माणसाला मनात मान दिला. घरी आले आणि कुलूप आणायला माणूस पाठवला. लोक बोलू लागले. म्हातारी नातीला उपाशी ठेवते, अशी चर्चा किराणा दुकानापर्यंत गेली. मी कुणालाही खुलासा केला नाही.

वन्संनी सारे ऐकले. त्यांनी मला एकच विचारले.

"औषध नाही असं डॉक्टर म्हणाले?"

"हो."

"अंबाबाई तसं अजून म्हणालेली नाही."

दुसऱ्या दिवशी घट बसले. पहिली माळ चढली, आरती झाली, आणि वन्संनी उजव्या तळहातावर पाणी घेतले. नेहमीचा संकल्प असेल म्हणून आम्ही हात जोडून उभे होतो. त्या मोठ्याने बोलल्या, "नवमीपर्यंत कपभर दुधावर राहीन. नवमीला या घरची कुमारिका, ऋजुता, हिला पाटावर बसवीन आणि माझ्या हातानं जेवू घालीन. ती 'तृप्त झाले' असं त्रिवार म्हणेल तेव्हा माझ्या तोंडात अन्न जाईल. ती म्हणाली नाही तर जाणार नाही." आणि त्यांनी पाणी ताम्हनात सोडले.

आमच्याकडे नवमीच्या कुमारिकेला विचारायची रीतच आहे. तिचे पाय धुवायचे, कुंकू लावायचे, जेवू घालायचे आणि विचारायचे, तृप्त झालीस का? ती 'झाले' म्हणाल्याशिवाय वाढणारीने थांबायचे नाही. एरवी पाच-सहा वर्षांच्या पोरी दोन घासांतच 'झाले' म्हणतात आणि दक्षिणा मुठीत घेऊन खेळायला पळतात. त्या रीतीत कुणाचा जीव अडकेल हे आजवर कुणाच्या मनात आले नव्हते.

"वन्सं, मला विचारायचं होतं," मी म्हणाले.

"देवीशी बोलताना तुला विचारू?"

"तुम्हाला साखरेचा आजार आहे."

"आहे. तिला माहीत आहे."

"आणि ऋजू कधीच म्हणणार नाही. म्हणूच शकत नाही ती."

"तेच तर मागितलंय," वन्सं म्हणाल्या आणि माळेची उरलेली फुले निवडू लागल्या.

रघुवीरने डॉक्टरांना फोन केला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "ते म्हणाले, कुठल्याही परिस्थितीत तिला हवं तेवढं वाढू नका. तिला मळमळत नाही, उलटी होत नाही. जठर ताणून फाटेपर्यंत ती खाईल आणि दुखलेलंही तिला उशिरा कळेल. अशी उदाहरणं आहेत म्हणाले."

"आणि वन्सं?"

"आत्याला लगेच दवाखान्यात आणा म्हणाले. कशी आणू? हात लावू देते का ती?"

तो थोडा घुटमळला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "आई, एक करता येईल. ऋजूला सांगून ठेवू. दोन पोळ्या झाल्या की म्हण, तृप्त झाले. संपलं. दोघीही वाचतात."

"नाही."

"आई, एवढंसं खोटं..."

"पाटावर बसवलेल्या पोरीच्या तोंडी आपण खोटं घालायचं? जिच्यासाठी व्रत, तिच्याच तोंडी? हा विषय पुन्हा माझ्यासमोर काढू नकोस."

तो निघून गेला. मी मनात ठरवून टाकले होते. वाढायला मी स्वतः बसेन. पोळ्या लहान लाटेन. एका मर्यादेला ऋजूला पाटावरून उठवीन. व्रत मोडले तर मोडले. वन्संचे पुढे जे व्हायचे ते होईल. पोरीला जाणूनबुजून मारणे माझ्या हातून होणार नव्हते, आणि म्हातारीला वाचवणे माझ्या हातात राहिले नव्हते.

नवरात्र पुढे सरकत गेले तशा वन्सं वाळत गेल्या. भिंत धरून चालू लागल्या, आवाज बसला. पण पहाटे उठून माळ त्याच करत. दुपारी मागच्या पडवीत पायांवर शाल घेऊन बसत. शेजारच्या शेडमधले माग खडखडत असत, आणि ऋजू शाळेतून आली की दप्तर टाकून त्यांच्याजवळ जाऊन बसे. मी आत धान्य निवडत असे. दोघींचे बोलणे कानावर येई.

"आत्याआजी, भूक लागली का?"

"पहिले दोन दिवस लागली. आता नाही."

"आता नाही म्हणजे? कुठं गेली?"

"मरते ग ती. आधी आरडाओरडा करते, मग थकते, मग कोपऱ्यात गप्प बसते."

"आपोआप?"

"आपोआप."

 

"माझी थकत नाही," ती म्हणाली. "वर्गात गणित चालू असतं ना, तेव्हा पण ती बोलत असते. झोपेत पण. मला स्वप्नंसुद्धा डब्यांची पडतात. सुमीला राजपुत्राची पडतात म्हणे. मला चकलीची."

वन्सं हसल्या. हसताना त्यांना खोकला आला. तो थांबल्यावर ऋजूने विचारले, "मी नवमीला म्हटलं नाही तर तुम्ही खरंच जेवणार नाही?"

"तू म्हणशील."

"पण नाहीच म्हटलं तर?"

"तर जाईन तिच्याकडं. वय झालंच आहे माझं."

"असं नका बोलू. मला आणखी भूक लागते."

अष्टमीच्या संध्याकाळी मी ऋजूला गच्चीवर बोलावले आणि स्पष्ट सांगितले. "उद्या वाढायला मी आहे. मी हातातली तुपाची वाटी खाली ठेवली की पाटावरून उठायचं. पुढं कुणी कितीही आग्रह केला तरी."

"आणि आत्याआजी?"

"त्यांचं मी बघेन."

"काय बघशील?"

  कठड्याला टेकून ती खालच्या गल्लीकडे पाहत राहिली. तिथे भेळेची गाडी लागत होती. थोड्या वेळाने मीच तिला हाताला धरून खाली आणले.

नवमीला पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, केळीचे पान मांडले. शैलजाने आणलेले परकर-पोलके ऋजूच्या अंगात शिरेना, म्हणून कापड तसेच खांद्यावर ठेवले. तिला पाटावर बसवायला रघुवीर आणि मी दोघे लागलो. वन्संनी तिचे पाय धुतले. पाणी ओतताना तांब्या त्यांना पेलेना, अर्धे पाणी रांगोळीवर सांडले. त्यांनी कुंकू लावले, गजरा माळला आणि पोरीच्या पायावर डोके ठेवले. ऋजू खाली पाहत होती. पानात वरणभात होता, कटाची आमटी होती, कुरडई होती, आणि पुरणपोळीवर तूप ओघळत होते. तिच्या नाकपुड्या फुलल्या होत्या. ती तोंडाने श्वास घेऊ लागली.

वन्संनी पहिला घास भरवला. मग दुसरा. ऋजू चावून खात होती, नेहमीसारखी गिळत नव्हती. ते मी पाहिले, पण त्याचा अर्थ लावला नाही. एक पोळी संपली. मी दुसरी वाढली. ती संपली. मी तिसरी वाढली आणि वाटीवरची बोटे घट्ट केली. ही संपली की वाटी खाली ठेवायची, असे मी ठरवले होते. रघुवीर दाराच्या चौकटीत उभा होता. शैलजा देवीकडे तोंड करून उभी होती. तिच्याने पाहवत नव्हते.

तिसरी पोळी अर्धी झाली, आणि ऋजूने पानावर हात आडवा धरला.

वन्संचा घास भरवणारा हात हवेतच राहिला.

"तृप्त झाले," ऋजू म्हणाली. ती किंचित मागे रेलली, पोटावरून हात फिरवला. "तृप्त झाले, आत्याआजी. तृप्त झाले. आता नको."

पानात अर्धी पुरणपोळी उरली होती. मी त्या पोळीकडे पाहत राहिले. शस्त्रक्रियेनंतर या पोरीच्या ताटात भाताचे शीत उरलेले मी पाहिले नव्हते. चाटून पुसून ताट कोरडे केल्याशिवाय ती उठत नसे. आणि आता तिच्यासमोर तूप लावलेली पोळी होती, आणि तिचा हात आडवा होता.

 वन्सं पोरीच्या गळ्यात पडल्या आणि लहान मुलासारख्या हुंदके देऊ लागल्या. शैलजाने देवीपुढे डोके टेकवले. रघुवीर भिंतीकडे वळून उभा राहिला, त्याचे खांदे हलत होते. माझे मी काय सांगू? मी कधी चारचौघांत रडले नाही. यजमानांच्या वेळीही नाही. त्या दिवशी मी हातातली वाटी घेऊन तशीच देवीसमोर बसले आणि डॉक्टरांचे सगळे बोलणे माझ्या डोक्यातून पुसून गेले. ती पोर वाचली, एवढेच मला कळत होते. ती लग्न करील, आपल्या घरात चुलीपाशी उभी राहील, कुणी तिच्यापुढे दार लावणार नाही, हे सगळे मी बसल्या जागी पाहून घेतले.

"सरोजिनी," वन्सं डोळे पुसत म्हणाल्या, "ते कुलूप काढ."

मी कमरेची किल्ली काढून त्यांच्याच हातात दिली. दार सताड उघडे झाले.

कुमारिकेच्या पानात उरलेली अर्धी पोळी वन्संनी प्रसाद म्हणून उचलली आणि त्या घासावर उपास सोडला. मग त्यांचे पान मांडले. वाढायला ऋजूच उभी राहिली, कुणाचे ऐकेना. "अर्धी घ्या. माझ्यासाठी. अहो, एवढ्यानं काय होतंय?" असे एखाद्या पोक्त बाईसारखे आग्रह करत होती. वन्सं हसून पानावर वाकल्या. "पुरे ग बाई. तूही तृप्त, मीही तृप्त."

रघुवीर पेढे घेऊन शेजारी वाटायला गेला. जेवणे उरकली, घर शांत झाले. वन्संना इतक्या दिवसांनी अन्न मिळाले होते, त्यांना गाढ झोप लागली. मी माझ्या खोलीत आडवी झाले होते. दारात ऋजू येऊन उभी राहिली. तिने पलंगाचा खांब दोन्ही हातांनी धरला होता, आणि चेहरा घामाने निथळत होता.

"काय ग, बाळ? दुखतंय का कुठं?"

"नाही. आत्याआजी झोपल्या?"

"हो."

"मग लवकर चल. मला वरच्या खोलीत घाल आणि बाहेरून कडी लाव."

मी उठून बसले.

"स्वयंपाकघराला कुलूप नको लावू," ती घाईघाईने बोलत होती. "त्यांना दिसेल. मलाच कोंड. त्यांनी विचारलं तर सांग, अभ्यास करतेय. त्या दसरा झाला की जातीलच ना? तोपर्यंत."

"तू म्हणालीस, तृप्त झाले."

"हो. लग्नात माणसं करतात तसं केलं. हात आडवा धरायचा, थोडं मागं व्हायचं, पोटावर हात फिरवायचा. मी खूप बघितलंय. बाकी पंगतीत मला बघायला दुसरं काय असतं?" तिने मान खाली घातली. "बाबा सांगणार होते मला, पण तू त्यांना ओरडलीस म्हणे. म्हणून तुला विचारलं नाही."

मी तिच्या कपाळावरचा घाम पदराने पुसला.

"अर्धी पोळी सोडली तेव्हा वाटलं, आता हात सुटणार. म्हणून पोटावर ठेवला." मग तिने मान वर केली. "आजी, खरंच पुरे वाटतं तेव्हा कसं वाटतं ग? लहानपणी मलाही वाटत असणार ना? मी आठवून बघते. आठवत नाही."

कारखान्यातले मजूर, सणासुदीचे पाहुणे, लग्नांच्या पंगती, किती माणसे मी माझ्या हाताने जेवू घातली याची गणती नाही. हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

"काहीच वाटत नाही," मी शेवटी म्हणाले. "अन्न समोर असतं, पण त्याच्याकडं लक्ष जात नाही. विसरायला होतं."

"विसरायला होतं?" तिने दोनदा तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिले. एखाद्या दूरच्या गावाची हकिकत ऐकावी तशी. मग एकदम काळजीने विचारले, "मग मी चुकले का? मी पोळीकडे बघत होते. आत्याआजींना कळलं असेल?"

"नाही. त्यांना काही कळलं नाही."

"बरं झालं. चल ना आता. खाली अजून पुरण आहे. मला कळतंय कुठल्या पातेल्यात आहे ते."

मी तिला वर नेले. खिडकी लावली, पाण्याचा तांब्या ठेवला, बाहेर येऊन कडी घातली आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून राहिले. आत ती फेऱ्या घालत होती. चार पावले गेली की धाप टाकायला थांबत होती. मध्ये एकदा दाराशी आली आणि अगदी समजूतदार आवाजात म्हणाली, "आजी, मी आता उघड म्हणून ओरडेन, पण तू उघडू नकोस." त्यानंतर ती खरोखरच ओरडली. मी उघडले नाही. वन्संना ऐकू जाऊ नये म्हणून खाली शैलजाने रेडिओ मोठा केला.

वन्सं दसऱ्यानंतर कुरुंदवाडला गेल्या आणि देवीचा प्रत्यय घरोघर सांगू लागल्या. इकडे त्या गेल्या त्याच दिवशी कुलूप पुन्हा कडीला लागले. पुढच्या वर्षी घटांना त्या आल्या तेव्हा कुलूप उतरले होते आणि ऋजू पाटावर बसायला तयार होती. त्याच्या पुढच्याही वर्षी तेच. शस्त्रक्रियेने तिचे वयात येणेही थांबवले होते, म्हणून वन्संच्या लेखी ती कुमारिकाच राहिली. दरवर्षी मी पोळ्या लहान लाटायची, ती दरवर्षी अर्धी सोडायची आणि हात आडवा धरायची. शेवटच्या वर्षी तिला खाली बसता येईना, तिला खुर्चीत बसवून पुढ्यात पान मांडले. बोलताना श्वास पुरत नव्हता, दोन शब्दांच्या मध्ये थांबावे लागत होते. तरी तिने तिन्ही वेळा म्हटले.

त्याच हिवाळ्यात साधा ताप आला आणि ती दोन दिवसांत गेली. सतरावे सरले नव्हते. गोळ्यांचा डोस वाढवला होता, ऑक्सिजन लावला होता. शुद्ध होती तोवर ती नर्सला विचारत होती, दुपारच्या जेवणाला काय आहे.

दिवस झाल्यावर गोड जेवण केले. वन्सं आल्या होत्या. आता त्यांना दिसतही कमी होते. मी त्यांचे पान वाढत होते. रघुवीर आणि शैलजा समोर मान खाली घालून बसले होते.

"सरोजिनी," वन्सं म्हणाल्या, "एवढं एक बरं झालं बघ. पोर तृप्त होऊन गेली. शेवटच्या नवमीपर्यंत आपल्या तोंडानं सांगत होती. वाढणारी तूच होतीस, तुझ्याइतकं कुणाला ठाऊक?"

रघुवीरने मान वर करून माझ्याकडे पाहिले.

"हो, वन्सं," मी म्हणाले, आणि त्यांच्या पानात भात वाढला.